पिवळी परात

वडशाचा सोमाजी रामटेके नाटकांचे पडदे रंगवायचा. दरबार, जंगल, देऊळ. झाडीपट्टीतल्या निम्म्या कंपन्यांचे राजे त्यानेच रंगवलेल्या दरबारात बसायचे. स्वतःसाठी म्हणून त्याने कधी काही काढलं नव्हतं.

पंच्याऐंशी साली, दिवाळीच्या तोंडावर, त्याची बायको सुगंधा काविळीने पाच दिवसांत गेली. माणसं पांगल्यावर तो घरात आला. चुलीपाशी तिचं सगळं तसंच पडलं होतं: जर्मनची परात, चिरायला घेऊन अर्धंच सोडलेलं कोहळं, झाडपाल्याच्या औषधाची बाटली. भिंतीवर नव्या पडद्यासाठी नाटक कंपनीचा मांजरपाट ताणून ठेवलेला होता. सोमाजीने ब्रश उचलला आणि समोर होतं ते काढू लागला.

तीन दिवस तो काढत होता. परात पिवळी झाली, भिंत पिवळी झाली, बाटलीची सावलीसुद्धा पिवळी. कोहळं मात्र काळं उतरलं. परात इतकी कललेली, की बघणाऱ्याचा हात सावरायला पुढे व्हावा. शेजारची शकुबाई डोकावली आणि सोमाजीभाऊला भांडी काही जमली नाहीत, असं म्हणून गेली.

चौथ्या दिवशी कंपनीचे मालक लटारूभाऊ आले. नदी उतरताना बैलबंडी कलंडून दरबाराचा पडदा फाटला होता, तेच सांगायला आले होते. पण आधी चित्रासमोरच उभे राहिले.

"सुगंधाबाई हाय न हे?" त्यांनी हळूच विचारलं.

चित्रात माणूस नव्हतं. सोमाजीने होकाराची मान हलवली. ओळखणारा तो एकच माणूस निघाला.

लटारूभाऊंनी फाटलेल्या पडद्याचं सांगितलं. मग म्हणाले, "सोमवारी पहिला खेळ हाय. सारं वडसा पाहून आलो, मले दुसरा कपडा नाई भेटून राह्यला, सोमाजी."

कपडा कंपनीचाच होता. भाऊ खोटं बोलणारे नव्हते. सोमाजीने खडू भिजवला, डिंकासारखा सरस उकळला आणि स्वतःच्या हाताने चित्रावर पांढरा हात मारला. सरसाचा रंग ओला झाला की सुटतो, खालचं काही उरत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पिवळा वर येत राहिला. तिसऱ्या हातानंतर दिसेनासा झाला. मग त्यावर त्याने खांब काढले, सिंहासन काढलं. सोमवारी पडदा उघडताच लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पावसाळ्यात त्याने नवा कपडा आणला. तीच परात मांडली, बाजारातून कोहळं आणलं. चित्र सुबक झालं. परात परातीसारखी, कोहळं कोहळ्यासारखं. त्याने ते धुऊन टाकलं. पुन्हा काढलं, पुन्हा धुतलं. चार वेळा. सुगंधाचा चेहराही आता नीट आठवेना.

पुढच्या हंगामात लटारूभाऊ पडदे सांगायला आले, तेव्हा सोमाजी घरी नव्हता. तो लाकडाच्या डेपोत लागला होता. सागाच्या ओंडक्यांवर नंबर घालायचं काम. भाऊ तिथे गेले, खूप विनवलं.

"नाई होत आता, भाऊ," सोमाजी म्हणाला आणि पुढच्या ओंडक्याकडे वळला.