थेंब न सांडणारी तोटी

हार्डवेअरच्या दुकानात खिळेसुद्धा तोलून विकतात, पण किस्से मात्र कुणी न मागता साचत जातात. पेडण्याच्या बाजारात आमच्या गुरुदासच्या दुकानात ते इतके साचलेत, की बाकडं हलवलं तर त्याखालीही एखादा सापडेल. मी जन्मभर फेरीबोटीच्या इंजिनावर नोकरी केली, डिझेल ओतलं, ऑइल ओतलं. आता निवृत्त आहे, म्हणजे या बाकड्यावर आहे.

संध्याकाळची बैठक ठरलेली. दुकानाचा मालक गुरुदास, खोबरेलाचा घाणा चालवणाऱ्या सुलूवैनी, चोपड्याचा होडीवाला शिवराम आणि मी. मला सगळे दाजी म्हणतात. विषय कुठूनही निघायचा, पण गेलं वर्षभर तो फिरून एकाच प्रश्नावर यायचा. स्वस्तातली आणि न गळणारी तोटी कुठे मिळेल? एवढ्याशा तोटीचं एवढं काय, ते सांगतो. पण आधी गुरुदास.

* * *

गिऱ्हाइकाला परत पाठवून खूश होणारा दुकानदार मी हा एकच पाहिला. पेट्रोलचा कॅन असो की ऑइलचं नरसाळं, नवा माल आला की गुरुदास त्यात पाणी भरतो आणि सोड्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून बघतो. एक थेंब बाहेर पडला, तर माल परत!

एकदा किनाऱ्यावर भाड्याने स्कूटर देणारे एक गृहस्थ आले. घाईत होते.

"सगळ्यांत स्वस्त कॅन दी. कसोय चलता."

गुरुदासने परत पाठवायला बाजूला ठेवलेला एक कॅन काढून दाखवला. "हो बघ. एकदम स्वस्त. ह्याच्यातलां अर्धां पेट्रोल टाकयेत जाता, अर्धां चपलेर."

"मगे?"

"मगे काय? चपल पण स्वस्तातली घाल!"

गृहस्थांनी मुकाट्याने वरच्या फळीवरचा कॅन घेतला. मला हा माणूस आवडतो तो असा.

* * *

तर आता अप्पा. अप्पा आमच्याच वाड्यावरचे. ऐंशी ओलांडलेली, पण पाठ अजून माडासारखी सरळ. जत्रेच्या दिवशी तिन्हीसांजेला देवळापुढच्या दीपस्तंभावर पणत्या लागतात. त्यातल्या सगळ्यात खालच्या रांगेत तेल घालायचा मान अप्पांच्या घराचा. वरच्या रांगा पोरं शिडी लावून भरतात, पण खालची रांग अप्पांनी भरल्याशिवाय एकही वात पेटत नाही. आणि तेल घालायचं ते तांब्याच्या जुन्या बुधलीतून.

मागच्या वर्षीच्या जत्रेला अप्पांचा हात थरथरला. एरवी त्यांचा हात शांत असतो, पण काही उचललं की हलायला लागतो. पणतीत थोडं आणि दगडावर फार, असं तेल गेलं. गर्दीतून एक आवाज आला, "पुढल्या वर्सा दुसऱ्या कोणाक तरी देवया."

अप्पांना कमी ऐकू येतं, असं आम्हांला वाटायचं!

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी अप्पा पायरीवर बसलेले. म्हणाले, "गुरू, माका एक तोटी जाय. बुधलेक बसपासारकी. हात हाललो तरी तेल सांडूचां नाय. आनी शंभराच्या वयर जावची नाय."

गुरुदास चाचरत म्हणाला, "अप्पा, नातवाक सांगल्यार चलाचां नाय?"

"वेळ इली काय सांगतलंय मरे. पण देवान अजून माका 'बस' म्हणूक नाय."

मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले. त्या दिवसापासून अप्पांची तोटी ही आमच्या अख्ख्या बाकड्याची तोटी झाली.

* * *

सुलूवैनींचा घाणा देवळाच्या वाटेवरच आहे. देवाचं तेल त्यांच्याकडूनच जातं आणि तेलाच्या बाबतीत त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडत नाही. गिऱ्हाइकं मात्र हाताला येईल ते भांडं घेऊन येतात.

बांद्याचा एक पाव्हणा दारूच्या रिकाम्या बाटल्या घेऊन आला, खोबरेल भरून घेतलं आणि स्कूटरवरून गावाला निघाला. बाटल्यांवरची लेबलं शाबूत! व्हायचं तेच झालं. महाराष्ट्राच्या हद्दीवर, दारू पकडायच्या नाक्यावर शिपायाने अडवलं.

"काय आसा?"

"तेल."

"सगळे तेलच म्हणतत!"

शिपायाने बूच काढून वास घेतला. बोटाला लावून बघितलं. मग टोपी काढली, तळहातावर थोडं तेल ओतलं आणि तिथेच उभ्या उभ्या डोक्याला चोळलं. म्हणाला, "घाणो खंय आसा, तो सांग."

दुसऱ्या दिवशी तोच शिपाई वैनींच्या दारात हजर. हातात रिकामी बाटली. लेबल शाबूत!

तेव्हापासून वैनी बाटलीत तेल देत नाहीत. आपला लांब तोटीचा स्टीलचा कॅन गिऱ्हाइकाच्या डब्यात असा ओततात, की बघत राहावं. तो कॅन त्यांनी आपणहून अप्पांच्या हातात दिला. तो बसला तर तशीच तोटी बुधलीला लावायची, असा बेत. पण तोटी लांब असली की हाताचं थोडं हलणं टोकाला जाऊन भलतंच मोठं होतं. पणती म्हणून समोर ठेवलेली करवंटी राहिली कोरडी आणि तेल थेट माझ्या टकलावर!

वैनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "दाजी, पुसू नका. केस येतीत कदाचित."

* * *

मग अप्पा आणि मी म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात गेलो. अप्पांच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि एक पणती. गाड्यांचं सामान विकणाऱ्या एकाच्या पुढ्यात बसून त्यांनी प्रत्येक तोटी तपासायला सुरुवात केली. रबराची, प्लास्टिकची, घडी होणारी, जाळी लावलेली. एकही जमेना. विकणारा वैतागला.

"आजोबा, गाडी खंयची तुमची?"

"गाडी नाय. देवाक तेल घालूचां आसा."

"मगे गॅरंटी पण देवाकडसून घेयात!"

अप्पा शांतपणे म्हणाले, "त्याची आसा. तुझी सांग."

तो माणूस आत जाऊन खोक्यातली परदेशी तोटी घेऊन आला. तोटी झकास होती, पण किंमत ऐकून अप्पांनी ती दोन्ही हातांनी जपून परत ठेवली. आम्ही रिकाम्या हातांनी आलो. बसमध्ये अप्पा खिडकीबाहेर बघत होते. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की जमणार नाही हे.

* * *

वाट दाखवली ती शिवरामाने, तीही न सांगता. मी सहज त्याच्या होडीतून निघालो होतो. शापोरा नदीच्या मध्यावर इंजिनातलं पेट्रोल संपत आलं. ओहोटीची ओढ, होडी डुलतेय, आणि शिवराम आरामात कॅन काढतोय. कॅनच्या तोंडाला त्याने मऊ नळीचा तुकडा बसवला होता. आधी नळीचं टोक टाकीत सोडलं, मगच कॅन वर उचलला. कॅन हलत होता, होडी हलत होती, शिवराम हलत होता. पेट्रोल मात्र सगळं टाकीत!

मी विचारलं, "तुझो हात हालना?"

"हालता मरे! होडी हालता तेवां हात घट्ट धरूचो नाय, दाजी. तिच्या वांगडा हालूचां."

मी जन्मभर फेरीबोटीवर पाय रोवून, दात आवळून डिझेल ओतलं. होडीसोबत आपणही हलायचं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

लगेच दुकानात आलो. पेट्रोलाचा वास लागलेली नळी देवाला चालायची नाही, म्हणून गुरुदासने नवी, मऊ नळी कापली आणि बुधलीच्या तोंडावर घट्ट बसेल असा गळा तयार केला. शंभराच्या कितीतरी आत काम झालं. ऑक्टोबरच्या उन्हात दुकानाच्या पायरीवर करवंट्या मांडल्या. वैनींनी ताजं तेल आणलं. अप्पांनी नळीचं टोक करवंटीत टेकवलं, बुधली उचलली. हात हलतोय, बुधली हलतेय, आणि नळी करवंटीत गप्प बसून तेल सोडतेय! शेवटी गुरुदासने सोड्याची बाटली पुढे केली. तीही भरली. एक थेंब बाहेर नाही.

"पास!" गुरुदास ओरडला. अप्पा इतके हसले, की हातातली बुधली मला धरावी लागली.

* * *

जत्रा पौषात. यंदा थंडी जरा जास्तच होती. बुधली तेल भरून आदल्या रात्रीपासून गाभाऱ्याशेजारच्या दगडी खोलीत ठेवलेली. तिन्हीसांज झाली, ढोल थांबला, अप्पा धुतलेलं धोतर नेसून दीपस्तंभापुढे उभे राहिले. आम्ही चौघं पहिल्या रांगेत. तोटी आमची ना!

अप्पांनी नळीचं टोक पहिल्या पणतीत टेकवलं. बुधली उचलली. तेल येईना.

अजून थोडी कलती केली. तरी येईना.

सुलूवैनींनी कपाळावर हात मारला. "गोठलां गो बाये!"

खोबरेल थंडीत गोठतं, हे पेडण्यातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि आम्ही चार शहाणे वर्षभर तोटी शोधत होतो, त्यात एक घाणेवाली! वैनींनी धावत जाऊन बुधली समईजवळ धरली. बुधलीतलं तेल सुटलं, पण नळीत बसलेला गोळा काही सुटेना. गर्दीत कुजबुज सुरू झाली. मागच्या वर्षीचा तो आवाज पुन्हा निघणार, असं मला वाटलं.

अप्पांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नळी ओढून काढली, गुरुदासच्या हातात दिली आणि उघडी बुधली दोन्ही हातांनी उचलली. हात हलायला लागले.

तेवढ्यात शिवराम पुढे झाला. दीपस्तंभाच्या कोनाड्यातली पणती उचलून त्याने आपल्या तळहातावर घेतली आणि बुधलीखाली धरली. अप्पांचा हात डावीकडे गेला, पणती डावीकडे गेली. हात वर आला, पणती वर आली. तेलाची धार वाकडी झाली, तसा शिवरामही वाकडा झाला. ढोलवालेसुद्धा श्वास रोखून बघत होते. एक पणती भरली, त्याने ती कोनाड्यात ठेवली, दुसरी घेतली. मग तिसरी. अख्खी खालची रांग अशी भरली. मी कंदील घेऊन खालच्या दगडाजवळ वाकून बघितलं. दगड कोरडा होता!

पोरांनी शिड्या लावल्या. वाती पेटल्या. अप्पांनी बुधली खाली ठेवली आणि त्यांचा हात शांत झाला.

शिवरामाचा अजून हलत होता.