हातात बसवलेलं मांडीचं मांस
कंपनीतल्या प्रेस मशीनमध्ये आमच्या मालकांचा, माझ्या घरधन्यांचा, उजवा हात कोपराखाली चेचला, तेव्हा आम्ही कुरुळीत राहत होतो. हाड जुळलं, पण बोटं काही मिटेनात. मग पुण्याच्या डॉक्टरांनी मांडीतलं मांस काढून हातात बसवलं, शिरेला शीर जोडली. तेव्हा असलं काही कुणी ऐकलंही नव्हतं. मूठ वळली तर परत मशीनवर, नाहीतर कायमचं घरी, असं कंपनीनं सांगून टाकलं होतं.

डॉक्टर मला म्हणाले, "बाई, रक्त पातळ ठेवायचं औषध चालू केलंय. नव्या मांसात बारीक शिरा फुटायच्यात. बिडीचा धूरसुद्धा लागता कामा नये." मी डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. भेटायला आलेल्या दिराच्या खिशातलं बंडल काढून खिडकीबाहेर भिरकावलं. "लाज न्हाई वाटत?" म्हटलं त्याला.

पण मिश्री? आमच्याकडे तंबाखू तव्यावर काळीभोर भाजून कुटतात आणि बाया-गडी सगळे तिनंच दात घासतात. त्याशिवाय कुणी चहासुद्धा पीत नाही. हे दुखण्यानं कण्हत होते, तोंड कडू झालंय म्हणत होते. मागितली नव्हती त्यांनी. मलाच कणव आली. हिच्यात कुठं आलाय धूर, म्हटलं, आणि घरून ताजी डबी भरून नेली. रोज दोनदा माझ्याच बोटानं त्यांच्या दातांना लावली. जळलं मेलं माझं शहाणपण!

आठव्या दिवशी मांस निळं पडलं, मग काळं. पट्टी सोडता सोडता डॉक्टरांची नजर उशाशी गेली. डबी उघडून त्यांनी वास घेतला. "अहो, ही तंबाखूच की! हिनंही शिरा आवळतात. आमचं औषध काय करणार मग?"

"हिच्यामुळंच गेलं का हो?" मी विचारलं.

"कसं सांगू? हिच्याशिवायही गेलं असतं कदाचित. आता उद्या काढूनच टाकावं लागेल. हा हात पुन्हा मिटायचा नाही." त्या 'कदाचित'नं मला आजवर धड झोपू दिलेलं नाही.

"आणली कुणी ही?" डॉक्टर ओरडले.

"मीच मागवली, सायेब, एकाकडनं," मालक म्हणाले. "तिला काय बी म्हाईत न्हाई."

मग डॉक्टर त्यांना वाट्टेल ते बोलले. अडाणी म्हणाले, स्वतःच्या हातानं स्वतःचा हात घालवलास म्हणाले. हे मान खाली घालून ऐकत होते. आणि मी तोंडाला पदर लावून तिथंच उभी होते, गप्प.