बाहेरून कडी

शनिवार पेठेतून मी धायरीला राहायला आले, तेव्हा शेजारच्या बंगल्यातल्या मैनाची ओळख तिच्या भावजयीने, द्वारकाबाईंनी, चटकन करून दिली. "खुळी हाय ती." चाळिशीच्या बाईची एवढीच ओळख.

मंद म्हणून गावच्या शाळेने मैनाला काढलं आणि मुलगी म्हणून घरच्यांनी शहरातल्या खास शाळेत घातलं नाही. पोरीच्या जातीला रोज एवढ्या लांब कोण नेणार? पुढे शेतं बिल्डरला गेली, घराचा बंगला झाला. मैनाला मागची गोठ्याची खोली मिळाली. म्हशी विकल्यामुळे ती रिकामीच होती म्हणे.

भाची ऋतुजा हाच मैनाचा जीव. द्वारकाबाई दिवसभर शेतात असायच्या, तेव्हा मैनानेच तिला भरवलं, निजवलं, कडेवर घेऊन गावभर मिरवलं. ऋतुजा इंजिनिअर झाली, हिंजवडीत नोकरीला लागली आणि स्थळं यायला लागली.

पाहुणे यायच्या दिवशी द्वारकाबाई मैनाला मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायच्या. घराण्यात खूळ आहे असं कळलं, तर पोरीला कोण करून घेईल? सुरुवातीला मैना दार बडवायची. मग त्यांनी तिला समजावलं, "तू दिसलीस तर रुतूचं लगीन मोडंल." तेव्हापासून गाडीचा आवाज आला की मैना आपणहून आत जायची आणि ओरडायची, "वैनी, कडी लाव!" या घरात खुळं कोण, ते एकदा नीट ठरवायला हवं होतं.

लग्न जमलं. मुलगा सॉफ्टवेअरमधला. मैनाला ऋतुजाला फक्त हळद लावायची होती. तेवढीही लावू दिली नाही. मला बोलायचं होतं, पण शेजारणीला विचारतो कोण!

दिवाळसणाला जावई आला तेव्हा मी गॅलरीत होते. हॉर्न वाजताच अंगणात बसलेली मैना उठून मागे धावली. ऋतुजा गाडीतून उतरली आणि तिच्या मागोमाग गेली.

"आत्या, अगं मी आलेय! बाहेर ये ना."

दाराआडून मैनाचा घाबरा आवाज आला, "जा तू, पाव्हणं बगतील. लगीन मोडंल तुझं. कडी लाव."

ऋतुजा दारावर हात ठेवून रडत होती. तेवढ्यात पुढच्या अंगणातून नवऱ्याने विचारलं, "अगं, कोण आहे तिकडे?"

तिने डोळे पुसले. "कुणी नाही," म्हणाली आणि कडी लावली.