उपासाचे साहेब

कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीची सामाजिक जबाबदारी हे साहेब सांभाळतात. म्हणजे महिन्यातून एकदा आमच्या शाळेत येऊन दप्तरं वाटतात आणि मुलांसोबत फोटो काढतात. 'वास' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. "आज प्रोसेस जरा जास्त आहे," असं म्हणत ते नाकाला रुमाल लावतात. "गाव आमचा पार्टनर, हीच आमची स्ट्रॅटेजी," हे तर दर खेपेला. विहिरीचं पाणी पिवळं झालंय म्हटलं, की लगेच मोबाइलवर रिपोर्ट दाखवतात: पाणी उत्तम.

त्याच पाण्याचा चहा पुढे केला की मात्र साहेबांचा उपास निघतो. सोमवारी सोमवार, मंगळवारी मंगळवार, बुधवारीही कसला तरी असतोच.

परवा शाळेशेजारच्या आबांनी कप समोर धरूनच ठेवला. "साहेब, उपासाला चहा चालतो की."

"माझा जरा कडक असतो, आबा."

"मग फुडच्या येळंला पानी तुमच्या घरचं आना. चहा-साखर आमची."

साहेब मनापासून हसले आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं: 'लोकसहभाग उत्तम.'