चार गाठींचा दोरा

दादा मंगळवारी गेला. सकाळी तो खाली गाडीपाशी होता, दुपारी दवाखान्यात, संध्याकाळी स्मशानात.

गाडी वडिलांची. मुलुंडच्या आमच्या इमारतीत मागच्या भिंतीला लागून ती वर्षानुवर्षं उभी आहे. दादा तिच्यात इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवत होता. जुन्या गाडीत ठिणगी पाडायला डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंट असतात. ते झिजले की गाडी सकाळी सुरू व्हायला छळते. त्याने पॉइंट काढून किट बसवलं होतं, कॉइलही जास्त ताकदीची घातली होती. राहिल्या होत्या ठिणगीची वीज प्रत्येक प्लगपर्यंत नेणाऱ्या वायरी. जुन्या वायरी तापलेल्या एक्झॉस्टला टेकून ठिकठिकाणी वितळल्या होत्या.

बाराव्याला खाली मांडव घालायचा होता, म्हणून गाडी बाजूला ढकलायची ठरली. वडिलांचे धाकटे भाऊ, आमचे काका, वाकोल्याहून आले होते. आमचं मूळ मालवणकडचं, आणि काका इतकी वर्षं मुंबईत राहूनही घरात गावचंच बोलतात. सुरू होते का बघू, म्हणून त्यांनी बॉनेट उचललं आणि हात मागे घेतला.

"ह्या काय? गाडयेत दोरे कोणी बांधल्यान?"

इंजिनावर पांढरे दोरे होते, गाठी मारलेले.

"एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी," काका एकेक दोरा ओढून काढत म्हणाले. "मोजून मारल्यात. ह्यो खेळ नाय. दोरो खंयचो?"

वहिनी मागे उभी होती. ती खरं बोलणारी बाई आहे.

"दोरा माझा आहे," ती म्हणाली. "शिवणाच्या डब्यातला. यांनी मागितला, मी रीळ दिलं."

"कित्याक मागल्यान?"

"मी विचारलं नाही."

एकाने तरी म्हणायचं होतं की काका, बाईचा नवरा गेलाय, गप्प बसा. मीही म्हणालो नाही, कारण ते दोरे कशाचे हे मलाही ठाऊक नव्हतं. त्याच संध्याकाळी काकांनी गावच्या भगताला फोन लावला. स्पीकरवर त्याने देवाला गाऱ्हाणं घातलं. मध्येच कॉल कट झाला, पुन्हा लावला, आणि भगताने सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं. मग दोरे नारळासकट ऐरोलीच्या पुलावरून खाडीत गेले. दुसऱ्या दिवशी चुलत काकू आमच्याकडे आली ती पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. वहिनीने पुढे केलेल्या पेल्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"करणी" हा शब्द माझ्यासमोर कुणी उच्चारला नाही. माझ्या पाठीमागे सगळ्यांनी उच्चारला. वाकोल्यापर्यंतच्या प्रत्येक घरात वहिनीचं नाव त्या शब्दाला चिकटलं, आणि काका दर रविवारी फोन करून मला सांगू लागले, "गाडी भंगारात घाल. आनि तिका म्हायेराक धाड."

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. गाडीतलं मला काही कळत नाही, पण छापलेलं मी शेवटपर्यंत वाचतो. दादाचं कपाट आवरताना किटचं खोकं निघालं, त्यात माहितीपत्रक. त्यात वायरींबद्दल एक परिच्छेद होता. नवी वायर फार लांब नको, ताणलेलीही नको. एक्झॉस्टपासून दूर असा तिचा मार्ग ठरवा आणि कापण्याआधी प्रत्येक मार्ग दोऱ्याने मोजून घ्या.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं आणि तसाच खाली गेलो. गाठी म्हणजे सिलिंडरचे आकडे असणार. सिलिंडर चार, म्हणजे प्लग चार; मग चौथा दोरा कुठे? चौथा प्लग अगदी मागे, एअर फिल्टरच्या आड. काकांचा हात तिथे पोचला नव्हता. दोरा क्लिपमध्ये अडकलेला होता, तेलाने काळा झालेला. त्याला चार गाठी होत्या.

मी वर येऊन तो वहिनीसमोर धरला आणि पत्रक वाचून दाखवलं. ती रडली नाही.

"बाकीचे तीन पुन्हा मोजायला हवेत," मी म्हणालो. "रीळ द्या जरा."

"मी देणार नाही, भाऊजी. डबा तिथे आहे. तुमच्या हाताने घ्या."

कुर्ल्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी चारही दोरे काउंटरवर ठेवले. दुकानदाराने तांब्याच्या तारेची वायर ओढली.

"कॉपर न्या साहेब. सगळे तेच नेतात."

"आत इलेक्ट्रॉनिक किट आहे."

"मग? करंट तो करंटच ना."

पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं: नुसत्या तांब्याच्या तारेतून विजेचा जो गोंगाट उठतो, त्याने किट बिघडतं आणि गाडी ठेचकाळत चालते. किटला गुंडाळलेल्या बारीक तारेची, रोध असलेली वायर लागते, वर सिलिकॉनचं जाड आवरण.

"कागद वाचून गाडी चालत नाही, साहेब," तो हसून म्हणाला.

माझ्या डोक्यात सणक गेली. गाडीने एक जरी ठोका चुकवला असता तरी काकांना पुरे होतं, आणि भोगायचं होतं वहिनीला. "तुम्हाला कुणी विचारलंय?" मी म्हणालो. मी दुकानात आवाज चढवणारा माणूस नाही. मागून त्याचा भाऊ आला, पत्रक पाहिलं आणि मुकाट्याने वरच्या फळीवरची वायर काढली. दोऱ्यांच्या मापाने कापली, टोकं दाबून दिली.

रविवारी काकांना बोलावलं. ते येईपर्यंत जुन्या वायरींना हात लावला नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक जुनी वायर काढून त्या जागी नवी लावली, म्हणजे क्रम चुकायला नको. चौथी लावण्याआधी तिच्याशेजारी तो काळा दोरा धरला. लांबी तीच. मग किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली आणि एकसारखी चालत राहिली. वहिनी वर खिडकीत होती.

"दादाने मोजलं होतं, काका. एवढंच होतं ते."

काकांनी बॉनेट खाली घेतलं.

"गाडी चालू झाली म्हणान काय झाला?" ते म्हणाले. "दोरे काढले, म्हणान तर झाली."

ते बसची वेळ बघून निघाले. वर आलेच नाहीत. वहिनीने चहा टाकला होता.

गाडी आता पहिल्या किल्लीला सुरू होते. काका आमच्याकडे येत नाहीत. वहिनीने शिवणाचा डबा कामवालीला देऊन टाकला. आमच्या घरात दोरा नाही. बटण तुटलं की मी नाक्यावरच्या शिंप्याकडे जातो.