चेअरमनच्या गोठ्यातली चाटणवीट

आमची डांगी गाय गायरानात हाड चघळताना गुराख्यानं पाहिली आणि दुपारपर्यंत ते गावभर झालं. सत्तरच्या दशकाचा शेवट होता. शेती कॉलेजातून पदवी घेऊन मी नुकताच घरी आलो होतो. आमच्या घराण्यातला पहिला. संध्याकाळी वडिलांबरोबर दूध घालायला गेलो, तर सोसायटीचा चेअरमन भर रांगेत म्हणाला, "मेलेली ढोरं ओढायचं तुम्ही सोडलं म्हणता. तुमच्या गाईनं नाय सोडलं वाटतं!"

रांग हसली. वडिलांनी दुधाची किटली पुढे सरकवली. बौद्ध झाल्यावर ते काम आमच्या वस्तीत सगळ्यात आधी त्यांनी टाकलं होतं. त्यापायी गावात मजुरी मिळेना, तेव्हा रोज निफाडला पायी कामाला जायचे. चेअरमनला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यानं नेमकं तिथंच बोट घातलं.

दुसऱ्या दिवसापासून गुराख्यानं आमची गाय कळपात घेतली नाही. "चेअरमन नको म्हणतो, मी काय करू दादा?" गायरान बंद म्हणजे बांधावरचं गवत कापून आणणं, आणि माघात बांधावर असतं काय? आई विळा घेऊन दुपारभर फिरायची आणि ओंजळभर वाळकी हरळी आणायची. गाय नुकतीच गाभण राहिलेली. असंच चाललं तर ती विकावी लागणार, हे घरात सगळ्यांना दिसत होतं.

गाय हाड का चघळते ते मला माहीत होतं. वाळल्या गवतात फॉस्फरस फारसा उरत नाही, मग जनावर हाड, चामडं, माती, मिळेल ते तोंडात घालतं. यात ना जात, ना पाप. पण सांगून ऐकणार कोण? मी गाईला चाटायला एक वीट केली. मीठ, कोंडा, साखर कारखान्याची मळी, जरासा चुना आणि वाफेवर शिजवून दळलेली हाडांची भुकटी. डब्यात ठोकून वाळवली आणि गाईपुढे टांगली. तीनेक आठवड्यांत ती हाडाकडे ढुंकून बघेना. कळपात मात्र तिला जागा नव्हतीच.

चैत्रात चेअरमनकडे व्याही आले. ते आत जेवत होते तेवढ्यात चेअरमनच्या जर्सी गाईनं त्यांची कोल्हापुरी चप्पल अर्धी खाल्ली. मी पोट धरून हसलो. आमच्या गाईला विटेचा गुण आल्याचं चेअरमनच्या कानावर होतंच; त्यानं वीट न्यायला गडी पाठवला. मी सांगितलं, "ज्याला पाहिजे त्यानं यावं."

आला. अंगणाबाहेरच उभा राहिला.

"काय रे ग्रॅज्युएट, औषध हाय का त्या विटेत?"

"औषध नाही, खाणं आहे. चाटू द्या."

आत काय आहे ते मी मुद्दाम सांगितलं नाही. खोटं कशाला लिहू?

महिन्याभरात त्याची गाय सुधारली, दूधही वाढलं. वैशाखात रांगेसमोर तो मिशीला ताव देत होता. "पोरगं हुशार हाय. मी आधीच म्हणलो होतो."

"चेअरमनसाहेब, विटेत काय आहे ते विचारलं नाहीत."

"काय हाय?"

"हाडं. दळलेली. महिनाभर तुमची गाय हाडंच खातेय."

"आगं बया!" एक म्हातारी म्हणाली. मागून कुणीतरी विचारलं, "मग चेअरमनची गाय बी कळपातनं काढायची का?"

त्याचा चेहरा उतरला. मला ते बघून जे सुख झालं ते पदवी घेतानाही झालं नव्हतं.

"आत्ता फेकतो ती वीट!"

"फेका. व्याह्यांना नव्या चपला मात्र घेऊन ठेवा."

रांग पुन्हा हसली, या वेळी आमच्या बाजूनं. वडील माझा दंड दाबत होते, बास कर म्हणून. मी केलं नाही. "दुसरी वीट पाहिजे असेल तर उद्या सकाळी आमच्या दारात या, आणि गाय कळपात घ्यायला गुराख्याला तुमच्या तोंडानं सांगा."

सकाळी कळप आमच्या वस्तीपाशी थांबला. चेअरमन मागून आला आणि कुणाकडे न बघता पुटपुटला, "घे रे हिला."

मी विटेला हात घातला, तेवढ्यात वडील बोलले. "मोठ्यानं सांगा, चेअरमन. त्याला ऐकू कमी येतं."

गुराख्याचे कान चांगले शाबूत होते. तो खाली मान घालून उभा राहिला.

चेअरमननं परत सांगितलं, मोठ्यानं. मग वडिलांनी दावं सोडलं.