सैल सोडलेला धागा

प्रतिमाबाई माळवद्यांनी पन्नासेक वर्षांत केलेल्या कामाचा एकही नमुना दाखवता येण्यासारखा नव्हता, आणि त्यांना त्याचाच मोठा तोरा होता. रफूच्या धंद्यात काम दिसलं की ते बिघडलं. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर प्रतापभाईंचं साड्यांचं दुकान आहे. पुढे आरसे, झगमगाट, साड्या नेसवून उभे केलेले पुतळे. मागे पडद्याआड, खिडकीच्या उजेडात, बाईंची खुर्ची. गाडीच्या दारात अडकून फाटलेली पैठणी, ठिणगी पडून जळालेला सूट, कसरीनं खाल्लेली शाल असं काय काय तिथं यायचं. परत नेताना गिऱ्हाईक कापड उजेडात धरायचं, उलटंसुलटं करायचं आणि विचारायचं, फाटलं होतं ते कुठं? एवढं ऐकलं की बाईंचा दिवस सार्थकी लागायचा.

ही कला वडिलांची. ते बार्शीत रफूगार होते. मुलगे दोन, पण दोघांचंही बूड एका जागी टिकेना, म्हणून बाराव्या वर्षी सुई मुलीच्या हातात आली. पुढे नवऱ्यामागून बाई शिकागोला आल्या. एकनाथराव टॅक्सी चालवायचे. ते गेले, मुलगी इला लग्न होऊन दुसऱ्या राज्यात, नोव्हायला गेली, सुई तेवढी सोबतीला राहिली.

गेल्या वर्षापासून तीही राहते की नाही असं झालं होतं. बाईंचा उजवा हात थरथरू लागला. आधी त्यांनी ते थंडीवर ढकललं, मग चहावर. डॉक्टरांनी वयावर ढकललं. बारीक काम आलं की बाई चष्म्याचं निमित्त सांगून ते परत करायच्या आणि फॉल-बीडिंग करत बसायच्या. एप्रिलमध्ये दुकान सोडून इलाकडे जायचं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. हाताचं मात्र डॉक्टर सोडून कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं, इलालाही नाही. जन्मभर लोकांची भगदाडं झाकलेल्या बाईला आपलं एक झाकणं काय अवघड?

अशात रीमा आली. तिचे आईवडील पुण्याचे, ती जन्मली-वाढली इथंच. शहरातल्या एका म्युझियममध्ये जुन्या कापडांची देखभाल करणं हे तिचं काम. तिच्या आजीच्या शेल्याला बाईंनी दोन वर्षांपूर्वी रफू केलं होतं आणि ते नेमकं कुठं, हे तिला भिंगातूनही सापडलं नव्हतं. धंद्यातल्या माणसाला अशी गोष्ट झोंबते, आणि लक्षातही राहते.

"काकू, माझ्याकडे एक कापड आहे, इजिप्तचं," ती म्हणाली. "तुम्ही फक्त बघून सांगायचं, ते कधी रिपेअर केलं असेल."

किती जुनं, असं बाईंनी विचारलं. चौतीसशे वर्षं, असं उत्तर आलं. पोरगी आकड्यात घसरली असं समजून बाई गालातल्या गालात हसल्या आणि मंगळवारी यायचं कबूल करून बसल्या.

मंगळवारी बस, मग रेड लाइनची लोकल, मग बर्फातून दोन चौक चालत त्या म्युझियमला पोचल्या. रीमा दाराशी न्यायला आली होती. तिच्या लॅबची वाट इजिप्तच्या दालनातून होती. बाईंनी आत पाऊल टाकलं आणि त्या जागीच थांबल्या. समोर काळ्या दगडाचा राजा बसला होता. हात मांड्यांवर, नजर बाईंच्या डोक्यावरून कुठंतरी पार. शेजारच्या भिंतीवर राजघराण्यांची यादी होती. एकाखाली एक अशी तीस घराणी, जवळजवळ तीन हजार वर्षांची. शिवाजी महाराजांना साडेतीनशे वर्षं झाली ना, रीमा सांगू लागली, त्याच्या दहापट मागे गेलं की आपलं कापड येतं, अठराव्या घराण्याच्या काळातलं. आणि ते विणलं गेलं तेव्हा मोठा पिरॅमिड हजार वर्षांहून जुना झाला होता. त्या लोकांनाही तो कुणी बापजाद्यांच्या बापजाद्यांनी बांधलेला वाटत असणार. पोरगी आकड्यात घसरली नव्हती हे बाईंना तेव्हा कळलं. इतका काळ असू शकतो हेच त्यांनी कधी मनात आणलं नव्हतं.

लोक राजाचा चेहरा बघत होते, बाई त्याच्या कमरेकडे बघत होत्या. कमरेच्या वस्त्राला निऱ्या होत्या, दगडात कोरलेल्या, एकसारख्या, आणि गाठीपाशी कापड ओढलं जातं तिथं त्या नेमक्या तिरक्या झाल्या होत्या. छिन्नी धरणारा माणूस कापडासमोर किती वेळ बसला असेल, असा विचार बाईंच्या मनात आला. पुढे एका रंगीत शवपेटीवर देवी होती. तिचा पांढरा झगा इतका तंग की बाईंना राहवेना. हिला यात खाली बसता येणार नाही, चित्रकारानं जन्मात कापड बेतलेलं दिसत नाही, असं त्यांनी सुनावलं. रीमा हसून म्हणाली की खरे सापडलेले झगे सैलच आहेत, तंग काढायची चित्रात रीत होती. आपलं म्हणणं खरं ठरल्यानं बाई जरा सावरल्या.

लॅबच्या दाराशी त्यांनी बूट काढले. इथं बूट घालावेच लागतात हे त्यांना पटवून देताना रीमाची तारांबळ उडाली. मग टेबलावरचं कापड दिसलं तशा बाई हातभर अंतरावर थबकल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, हे प्रेतावरचं आहे का? तसं असतं तर त्या तिथूनच परत फिरल्या असत्या. नाही, रीमा म्हणाली. थडग्यात टोपलीत घडी करून ठेवलेला हा अंगरखा. मेल्यानंतरच्या जगात वापरायला माणसाबरोबर पाव, कंगवा, स्टूल ठेवायचे, तसाच हाही. नाईलच्या पश्चिम काठावर राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं गाव होतं, बहुतेक तिथल्याच कुणाच्या घरातला. कारागिराचा म्हटल्यावर बाई खुर्ची ओढून बसल्या.

कापड चहाच्या डागासारखं पिवळं पडलं होतं, पण वीण अशी बारीक की बाई टेबलावर वाकल्या. जवसाच्या झाडाच्या सालीचा हा धागा, म्हणजे लिनन. जवसाची बाईंना फक्त चटणी माहीत. पुढच्या बाजूला, खांद्याखाली, तळहाताएवढं रफू होतं, आणि सगळा प्रश्न त्याचाच होता. हा अंगरखा म्युझियमनं शंभर वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून घेतलेला. विभागाच्या प्रमुखबाईंचं मत असं की रफू त्या व्यापाऱ्यानंच किंमत वाढवायला करून घेतलं असणार. तेव्हा नव्या प्रदर्शनात तो भाग दुमडून आत घालायचा. शुक्रवारी कापड काचेत जाणार होतं. रीमाला मात्र ते रफू जुनंच वाटत होतं, पण वाटण्यावर कोण विश्वास ठेवणार?

उलटी बाजू दाखव, बाई म्हणाल्या. रफू उलट्या बाजूनं वाचायचं असतं. ते कापड कैक वर्षांत कुणी उलटं केलं नव्हतं. रीमानं लॅबमधल्या दोघा सहकाऱ्यांना हाक मारली, दोन पातळ फळ्यांमध्ये कापड धरून तिघांनी ते एखादं तान्हं मूल कुशीवर वळवावं तसं वळवलं. प्रमुखबाईही येऊन उभ्या राहिल्या. सूक्ष्मदर्शकातून चित्र पडद्यावर आलं आणि प्रतिमाबाईंचे डोळे भरले.

रफूची ओळ संपून सुई परत फिरते तिथं धागा ताणायचा नसतो. तिळाएवढा फास राहील इतका सैल सोडायचा. कापड धुतलं की नवा धागा आटतो. फास असला तर तो त्यातून हवं तेवढं घेतो, नसला तर कापड आखडतं. बार्शीत वडिलांनी हे त्यांना शिकवलं होतं. पडद्यावर ओळीच्या टोकाला फास होता, पुढच्या ओळीच्या टोकालाही. धुऊन धुऊन आटलेले, तरी होतेच.

"विकायला दुरुस्त करणारा डोळ्यांसाठी करतो," बाई म्हणाल्या. "हे धुण्यासाठी केलंय. जे पुन्हा कधी धुतलं जाणारच नाही, त्याला फास कशाला सोडेल कोणी?"

रीमानं ते इंग्रजीत सांगितलं. प्रमुखबाई पडद्याजवळ गेल्या. माणूस सरळ होता. मुद्दा बिनतोड आहे, हे त्यांनी मान्य केलं. पण या ओळी बघा, त्या म्हणाल्या. वेड्यावाकड्या. कुठं एक धागा सोडून सुई उचललीय, कुठं दोन. ज्याला फास सोडायचं कळतं त्याचा हात इतका कच्चा कसा? कुणीतरी अर्धवट शिकलेल्यानं जुन्याची नक्कल केली असेल.

याचं उत्तर प्रतिमाबाईंच्या मांडीवर होतं, डाव्या हातानं घट्ट धरून ठेवलेलं. त्या काहीच बोलल्या नसत्या तरी चाललं असतं. बसनं घरी गेल्या असत्या, एप्रिलमध्ये नोव्हायला गेल्या असत्या, हाताचं कुणाला कळलं नसतं. आणि शुक्रवारी ते रफू दुमडून आत गेलं असतं, एका लबाड व्यापाऱ्याच्या नावावर. ज्यानं केलं तो चौतीसशे वर्षांत मातीत मिसळून गेला, त्याची बाजू घ्यायला जगात आज दुसरं कोण होतं? बाईंना आपल्या लपवाछपवीचा राग आला.

त्यांनी नवं लिनन, धागा आणि सुई मागितली. सवयीनं धाग्याचं टोक तोंडात घालून ओलं केलं, तशी रीमा त्यांच्या मनगटावर झेपावली. मग कापड नवंच आहे हे आठवून ओशाळून मागे झाली. बाईंनी उजव्याला आवरून धरलेला डावा हात काढून घेतला. उजवा लटलट कापू लागला. आठ ओळी घालायला त्यांना पाऊण तास लागला, आणि त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वांत वाईट रफू होतं.

पडद्यावर दोन्ही कापडं शेजारी शेजारी लावली. इकडेही सुई कुठं एका धाग्यावर पडली होती, कुठं दोनावर. तोच झोका, तीच चूक, आणि प्रत्येक वळणावर न विसरता सोडलेला फास.

"वर्ष झालं, माझा हात हलतो," बाई म्हणाल्या. "तिचाही हलत होता. पण विद्या विसरली नव्हती."

ती बाई होती की पुरुष हे सांगता येणार नाही, असं रीमानं तेवढ्यातही सांगून घेतलं. प्रतिमाबाईंनी तिकडे साफ दुर्लक्ष केलं.

प्रमुखबाई खुर्ची घेऊन बाईंच्या शेजारी बसल्या. त्यांचा आवाज आता उतरला होता. पडद्यावरचं चित्र त्यांनी खाली सरकवलं आणि विचारलं, मग हे काय आहे? वरच्या अकरा ओळी थरथरत्या होत्या. बारावीपासून हात एकदम स्थिर, ओळी सरळ. पण चार ओळींना फासच नाही, आणि तिथं कापड आखडलेलं. सोळावीपासून पुन्हा फास, एकसारखे, थोडे मोठेच, घाबरून सोडल्यासारखे.

बाईंना बार्शीचं दुकान दिसलं. मामलेदारांचा कोट, कोपराला गेलेलं भोक, वडिलांनी घातलेल्या निम्म्या ओळी आणि मग एकाएकी बारा वर्षांच्या मुलीच्या हातात दिलेली सुई. तिनं धागे आवळून ओढले होते. वडिलांनी ते उसवले नव्हते, नुसते बघत राहिले होते, आणि मग एक वाक्य बोलले होते.

"इथं सुई दुसऱ्या हातात दिलीय," बाई म्हणाल्या. "कुणालातरी शिकवलंय."

कितीतरी राजे झाले, घराणी बुडाली, भाषा मेली, देव विसरले गेले. आणि एका दुपारी कुणीतरी शेजारच्याला सांगितलेली एक गोष्ट या कापडात जशीच्या तशी बसून होती. दालनातल्या काळ्या राजापुढे त्या नुसत्या थांबल्या होत्या. इथं त्यांनी टेबलाला दुरून हात जोडले.

अंगरखा आता काचेत पुरता उलगडून ठेवला आहे, रफूसकट. खाली पाटीवर लिहिलंय की ही दुरुस्ती प्राचीन असावी आणि ती दोन हातांची दिसते. इला नोव्हायहून येऊन बघून गेली. काचेपाशी तिनं आईचा उजवा हात हातात घेतला आणि तो हलत असताना बराच वेळ धरून ठेवला. नोव्हायला येण्याबद्दल मग कुणीच बोललं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या मंगळवारी प्रमुखबाई निघून गेल्यावर बाईंनी आपल्या आठ ओळींखाली बोट ठेवलं आणि सुई रीमापुढे धरली. पन्नास वर्षांत ती त्यांनी कुणालाच दिली नव्हती. इलाला लहानपणी एकदा द्यायला गेल्या होत्या, ती कंटाळली, त्यावर यांनीही पुन्हा विचारलं नाही. रीमानं सुई घेतली. हात स्थिर होता, ओळ सरळ आली, वळताना तिनं धागा गच्च ओढला. दुसरीलाही तसंच. तिसऱ्या ओळीला कापड आखडू लागलं, चौथीला चांगली चुणी पडली. बाईंनी चारही ओळी मुकाट्यानं बघितल्या. पाचवीच्या टोकाशी सुई आली तेव्हा त्यांनी आपला थरथरता हात रीमाच्या हातावर ठेवला.

"थोडं सैल सोड," त्या म्हणाल्या. "त्याला अजून पुष्कळ धुणी बघायची आहेत."